आनंदीबाईंचा प्रवेशअर्ज : काय सांगितलं, काय वगळलं

आपल्याकडे डॉक्टर व्हायचं असेल तर स्वतःबद्दल एक ओळही लिहावी लागत नाही. नीटचे ७२० पैकी मार्क, ऑल इंडिया रँक, कॅटेगरी, कॅप राउंड, झालं. मुलाने आजारी आजोबांची कधी शुश्रूषा केली का, रक्त पाहून त्याला घेरी येते का, त्याला माणसं आवडतात तरी का, हे कुणी विचारत नाही.

अमेरिकेत तसं नाही. तिथल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांचा अर्ज एका सामायिक व्यवस्थेतून जातो. मार्क आणि प्रवेशपरीक्षा आहेच, पण त्याशिवाय 'तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय' यावर ५,३०० अक्षरांत निबंध लिहावा लागतो, तोही स्पेस धरून. आजवर केलेल्या कामांची यादी द्यायची, जास्तीत जास्त १५. त्यातली ३ पर्यंत कामं 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात आणि त्यांच्याबद्दल थोडं जास्त लिहायला जागा मिळते. इथेच मुलं अडकतात. तिकडे वाढलेल्या भाचे-पुतण्यांचे फोन येतात. "काका, लॅबमधलं रिसर्च पुढे करू की वृद्धाश्रमातलं काम? की टेनिसमध्ये राज्यपातळीवर खेळलो ते?"

अशा वेळी मी त्यांना एक जुना अर्ज वाचायला सांगतो. तो मराठी मुलीने लिहिलेला आहे. साल १८८३, पत्ता रोझेल, न्यू जर्सी. आज जिथे आपली इतकी मराठी कुटुंबं राहतात त्या एडिसनपासून हे गाव फार लांब नाही. अर्ज करणारी मुलगी १८ वर्षांची होती. तिचं नाव आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. श्री. ज. जोशींची कादंबरी वाचली असेल, २०१९ चा सिनेमा पाहिला असेल. पण आपण ती गोष्ट नेहमी शेवटाकडून पाहतो, म्हणजे पहिली महिला डॉक्टर, अकाली मृत्यू, डोळ्यांत पाणी. मला आज तुम्हाला त्यांच्याकडे अर्जदार म्हणून बघायला सांगायचं आहे. अजून काहीच घडलेलं नाही. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहायचं आहे आणि आपल्या आयुष्यातलं नेमकं काय पुढे करायचं हे ठरवायचं आहे.

त्यांच्याकडे सांगण्यासारखं काय होतं, ते आधी पाहू.

शाळेचे दाखले म्हणावेत तर फारसे नव्हते. नऊ वर्षांच्या असताना लग्न झालं, तेही वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या गोपाळराव जोशींशी. ते टपाल खात्यात नोकरीला होते. बदली होईल तिकडे जायचं आणि नवऱ्याकडून, जमेल तेव्हा शाळेतून शिकायचं. गोपाळरावांना बायकोला शिकवण्याचं वेड होतं आणि त्या वेडात मारझोडही होती, हे आनंदीबाईंनी पुढे त्यांनाच लिहिलेल्या पत्रांत स्पष्ट म्हटलं आहे. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. चरित्रकार त्यांच्या डॉक्टर होण्याच्या निश्चयाचं मूळ बहुधा तिथेच शोधतात.

मग अमेरिकेचा धागा. १८८० मध्ये गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डरने ख्रिस्ती व्हा असं सुचवलं आणि पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट पाहत बसल्या असताना त्यांनी तो वाचला. (वेटिंग रूममध्ये जुनी मासिकं ठेवण्याचा इतका मोठा उपयोग वैद्यकाच्या इतिहासात दुसरा नसेल.) त्यांनी स्वतःहून पत्र पाठवलं, मैत्री जमली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केलं. मी अमेरिकेला का जाते, इथे का शिकत नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी तिथे सांगितलं. त्यानंतर कलकत्त्याहून बोट, जूनमध्ये न्यूयॉर्क.

आता तुम्हीच निवडा. दहा दिवसांचं बाळ गमावलेली आई? मार खाऊन शिकलेली मुलगी? अनेक भाषा जाणणारी विद्यार्थिनी? भर सभेत इंग्रजीत बोललेली पहिल्या पिढीतली हिंदू स्त्री? आजचा एखादा ॲडमिशन कौन्सेलर बाळापासून सुरुवात करायला सांगेल, याबद्दल मला शंका नाही.

आनंदीबाईंनी तसं केलं नाही. पत्राच्या ज्या भागात त्या आपली बाजू मांडतात, तिथे त्या आधी सरळ कबूल करतात की प्रवेशाच्या सगळ्या अटी मी कदाचित पूर्ण करत नाही, पण माझी परिस्थिती वेगळी आहे, तेव्हा उदारपणे विचार करावा. त्यानंतर त्या दोन गोष्टी पुढे करतात. माझी तब्येत चांगली आहे, आणि आप्त व जात यांचा एकत्रित विरोध असताना ज्या निश्चयाने मी तुमच्या देशात येऊन पोचले तो निश्चय मला पुढेही उपयोगी पडेल. हा निश्चय कशासाठी, तर माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी. स्वतःसाठी व्यक्तिशः काहीच मागत नाही असंही त्या लिहितात. या कामाला लायक व्हायला जे लागेल तेवढंच मागते, तुमच्या कॉलेजच्या दारात किंवा जे कुणी मला आत घेईल त्याच्या दारात.

बाळाचा इथे उल्लेख नाही. नवऱ्याच्या माराचा नाही. दया येईल असं जे काही होतं ते बाजूला ठेवून त्यांनी निवडलेली कामगिरी एकच: मी इथवर आले.

मला ही निवड अचूक वाटते, आणि त्याचं कारण भावनेचं नाही. निश्चय आहे असं कुणीही लिहू शकतं, आणि आजच्या हजारो निबंधांत ते लिहिलेलं असतं. पण इथे पुरावा पत्राच्या डोक्यावरच होता, रोझेल, न्यू जर्सी. १८८३ साली एक ब्राह्मण विवाहित मुलगी नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडून त्या पत्त्यावर राहत होती. दावा तपासायला समितीला कुठेही जायची गरज नव्हती.

दुसरं, त्यांनी सांगितलेली गरजही फुगवलेली नव्हती. त्याच सुमारास मुंबईत जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी बंगाली हे स्त्री डॉक्टर आणण्यासाठी निधी उभारत होते. १८८३ मध्येच मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने मुलींना दार उघडलं आणि त्याच डिसेंबरात डॉ. एडिथ पीची इंग्लंडहून मुंबईत येऊन दाखल झाल्या. १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं. अर्जदाराचा हट्ट आणि पेशंटची गरज हे आनंदीबाईंनी एकाच वाक्यात बांधलं. भाच्याला फोनवर मी हेच विचारतो: टेनिसचं ठीक आहे, पण त्यातलं पेशंटच्या वाट्याला काय येणार? बऱ्याचदा पलीकडे थोडा वेळ शांतता असते, आणि मग खरं उत्तर येतं.

पण त्याच वाक्यातला पहिला दावा, 'माझी तब्येत चांगली आहे', त्याचं काय?

डॉक्टर म्हणून मला पत्र वाचताना इथे थांबावं लागतं. सेरामपूर-कलकत्त्याच्या दिवसांत आनंदीबाई वारंवार आजारी असत. अशक्तपणा, सतत डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी दम लागणं. कार्पेंटर बाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली होती, त्यांचा उपयोग झाला नव्हता. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांना क्षयाने गाठलं. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदू लोकांमधलं प्रसूतिशास्त्र. (अर्जात न आलेलं बाळ इथे आलं असावं असं मला वाटतं, पण ही जोड माझी आहे.) कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री विभागाची जागा त्यांच्यासाठी ठेवलेली होती. तिथे काम सुरू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्या गेल्या. २२ वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर कमी होता.

त्यांना जंतूचा संसर्ग कधी झाला हे आज कुणीही सांगू शकणार नाही. क्षयाचे जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांना आजार होतच नाही. साधारण ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी तो होतो, बऱ्याचदा पहिल्या दोन वर्षांत, कधी खूप उशिरा. उपासमार, थकवा, दुसरा आजार यांनी शक्यता वाढते. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं मार्च १८८२ मध्ये, म्हणजे या पत्राच्या आदल्या वर्षी. एक्स-रे निघाला नव्हता. औषध यायला अजून साठ वर्षं होती. समितीने तपासायचं ठरवलं असतं तरी स्टेथोस्कोपपलीकडे हाताशी फारसं काही नव्हतं.

मग 'तब्येत चांगली आहे' हे खोटं होतं का? मी तसं म्हणणार नाही. तुम्ही माझ्याकडे येता तेव्हा 'डायबिटीस नाही, फक्त थोडी शुगर आहे' असं सांगता, ते खोटं असतं का? ज्या गोष्टीमुळे दार बंद होऊ शकतं तिच्याबद्दल माणूस आशेने बोलतो. १८ वर्षांच्या मुलीने, एवढं अंतर कापून आल्यावर, दारातच 'मला अधूनमधून ताप येतो' असं लिहावं अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. एवढंच खरं की निश्चयाला पुरावा होता आणि तब्येतीला नव्हता, आणि शेवटी पुरावा नसलेल्या गोष्टीनेच घात केला.

जाता जाता तुमच्यासाठी: आजही शिकाऊ आणि निवासी डॉक्टरांना टीबी होतो. जागरणं, अवेळी जेवण, खोकणाऱ्या पेशंटच्या जवळ तासन्‌तास. घरात कुणी मेडिकलला असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम किंवा वजन उतरणं यातलं काही दिसलं तर 'अभ्यासाचा ताण असेल' म्हणून सोडून देऊ नका. थुंकीची तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि आज हा आजार बरा होतो. आपल्याकडे ॲडमिशनच्या वेळी एक मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट लागतं. ते घ्यायला मुलं येतात तेव्हा त्यांना फक्त माझी सही आणि शिक्का हवा असतो, तपासणीला बसा म्हटलं की घड्याळ बघतात.

आता जरा मागे जाऊ. आनंदीबाईंना पत्राने प्रवेश मागता आला, कारण त्या काळी अमेरिकेत प्रवेशाची पद्धतच ढिली होती. बहुतेक कॉलेजं फीवर चालत. फी भरणारा पुरुष गोरा असला की फारसे प्रश्न येत नसत. स्त्रीने अर्ज केला तर मात्र गोंधळ. १८४७ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचा अर्ज आला तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापकांनी निर्णय चक्क वर्गातल्या मुलांवर सोडला. मुलांना ती थट्टा वाटली आणि त्यांनी होकार दिला. अशा प्रकारे अमेरिकेला वैद्यकीय पदवी घेतलेली पहिली स्त्री मिळाली. फिलाडेल्फियाचं कॉलेज १८५० मध्ये निघालं ते स्त्रियांना असा थट्टेवर अवलंबून राहणारा प्रवेश मागावा लागू नये म्हणून.

१९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका-कॅनडातल्या १५५ मेडिकल कॉलेजांना भेटी देऊन जो अहवाल लिहिला, त्यानंतर पुष्कळ दुकानं बंद झाली. जागा कमी, अर्ज जास्त. आता निवडावं लागणार होतं. मार्कांवर निवडलं तर ज्यूंची मुलं मोठ्या संख्येने आत येत होती, आणि ते अनेक कॉलेजांना नको होतं. म्हणून १९२० च्या दशकात 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व' असे शब्द अर्जांत शिरले. फोटो मागायला लागले, धर्म विचारायला लागले, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. निबंध आणि मुलाखत यांचा जन्म फक्त माणूस ओळखण्यासाठी झाला असं समजू नका. माणसं गाळण्यासाठीही त्यांचा भरपूर वापर झाला.

लंडनचं उदाहरण तर आपल्या जवळचं आहे. सेंट जॉर्जेस मेडिकल स्कूलने १९७९ पासून अर्ज चाळायला संगणक प्रोग्रॅम तयार केला. जुन्या परीक्षकांचे निर्णय हुबेहूब गिरवणं हे त्याचं काम, आणि ते त्याने इमानाने केलं. जुने परीक्षक बायकांना आणि युरोपीय न वाटणाऱ्या नावांना कमी गुण देत, म्हणून प्रोग्रॅमही देऊ लागला. तिथल्याच दोन डॉक्टरांनी तक्रार केली आणि १९८८ मध्ये वांशिक समानता आयोगाने ठपका ठेवला. दरवर्षी सुमारे ६० उमेदवारांची मुलाखत केवळ यामुळे हुकली असावी असा अंदाज निघाला. म्हणजे कुणी पाटील किंवा जोशी यांनी कोणती कामगिरी पुढे करायची यावर रात्ररात्र विचार केला असेल, आणि प्रोग्रॅमने आडनावापाशीच गुण कापले असतील.

अमेरिकेत जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा थेट विचार करायला बंदी केली. पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालात एक फट ठेवली: वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवार निबंधात सांगू शकतो, फक्त ते त्याच्या धैर्याशी किंवा निश्चयाशी जोडलेलं असलं पाहिजे. हे वाचलं तेव्हा मला आनंदीबाईंचंच वाक्य आठवलं. जातीचा विरोध आणि त्यातून दिसलेला निश्चय, असंच तर त्यांनी १४० वर्षांपूर्वी मांडलं होतं. फरक इतकाच की आता प्रत्येकाला आपलं दुःख शोधून ते विकायला ठेवावं लागेल की काय अशी भीती वाटते. ज्यांच्यावर काही कोसळलेलं नाही अशी मुलं मला फोनवर जवळजवळ अपराधी आवाजात बोलताना ऐकू येतात.

आणि एवढं करून या निबंधांतून चांगला डॉक्टर ओळखता येतो का? २०१६ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या पद्धतींवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात आधीचे गुण, परिस्थिती देऊन निर्णय विचारणाऱ्या चाचण्या आणि अनेक छोट्या मुलाखतींची साखळी या गोष्टी बऱ्या ठरल्या. स्वतःबद्दलचा निबंध आणि शिफारसपत्रं त्यांच्यापुढे कमी पडली. ब्रिटनने २०२६ च्या प्रवेशापासून ४,००० अक्षरांचा मोकळा निबंध मोडून त्याचे तीन ठरावीक प्रश्न केले: हा विषय का, शिक्षणाने तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. मला तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा वाटतो. तिथे आजीचं डायलिसिस बसतं, दुकानात गल्ल्यावर बसणं बसतं.

आपल्याकडेही असा एक प्रयोग झाला आहे, तोही महाराष्ट्रात. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात प्रवेशपरीक्षेला गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीबरोबर गांधी. नीट आल्यावर तो बंद झाला. परीक्षेला आलं की गांधींचंही पाठांतर होतं, हे मान्य. तरी खेड्यातल्या दवाखान्यात आपण कोणाला पाठवतोय हा प्रश्न निदान विचारला जात होता. नीटच्या मार्कांत पैसा, क्लास आणि कोटा गावाचा पत्ता लपून राहतो, पण निबंधातही तो दुसऱ्या वाटेने येतोच, कारण निबंध सुधारून देणारेही फी घेतातच. नीटच्या जागी निबंध आणा असं मी म्हणणार नाही. आडनाव पाहून गुण कापणाऱ्या परीक्षकापेक्षा ओएमआर शीट तपासणारं मशीन मला परवडलं.

पेशंट म्हणून मात्र तुमच्या हातात थोडं आहे. नवीन डॉक्टरकडे जाता तेव्हा भिंतीवरचं गोल्ड मेडल बघता. त्याबरोबर हेही बघा, तुमचं बोलणं पुरं होईपर्यंत तो थांबतो का.

आनंदीबाईंचं मूळ पत्र आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि इंटरनेटवर पाहता येतं. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, पण अवघड नाही. घरात कुणी अर्ज लिहायला बसलं असेल तर त्यांच्याबरोबर बसून वाचा, दहा मिनिटं लागतील. शेवटच्या वाक्याकडे नीट बघा: आवडत्या कॉलेजचं दार ठोठावतानाच त्या दुसरं कुठलंही चालेल असं लिहून मोकळ्या झाल्या आहेत.